मेजरांची लाइन टेस्ट

मेजरांनी मला फसवलं. चुकून एकदा नव्हे. दर दसऱ्याला, ठरवून, माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन फसवलं. आणि या कामात माझी सख्खी आई त्यांना सामील होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिणार आहे, आणि ते वाचून कुणाचा असा समज व्हायला नको की मी त्यांना सोडून दिलं. मी कुणाला सोडत नाही. जुने ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या घ्यायच्या आणि विकायच्या, हा माझा धंदा. पाटणच्या डोंगरापासून कवठे महांकाळच्या माळापर्यंत कुणाच्याही दारात उभा असलेला ट्रॅक्टर मी इंजिनाच्या आवाजावरून जोखतो. रंग मारून नवा केलेला मला कळतो. मीटर मागं फिरवलेला कळतो. "एकाच हातानं चालवलाय मालक," असं म्हणताना माणूस कुठं बघतो, त्यावरून मला कळतं की हा चार हातांतून फिरून आलाय. अशा मला एका म्हाताऱ्यानं खिशातल्या रुमालानं फसवावं?

मेजर हे खरे मेजर नव्हेत. सैन्यात ते टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होते आणि हवालदार म्हणून पेन्शनीत आले. पण आमच्याकडं फौजेतून परत आलेल्या माणसाला हुद्दा विचारायची पद्धत नाही, सगळे मेजरच. मलकापुरात आमच्या समोरच्या घरात ते एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सांगलीला दिलेली. अंगानं वाळलेले, मिशा पिकलेल्या, पण टोकं अजून वर. पांढरा शर्ट आणि वरच्या खिशात चौकोनी घडीचा पांढरा रुमाल. कुणाच्याही घरात शिरताना चपला अशा काढायचे की दोन्हींची टोकं बाहेरच्या दिशेला, एका रेषेत. "पळायचं झालं तर वळायला वेळ जात न्हाई," म्हणायचे. मलकापुरात त्यांना कुठं पळायचं होतं, देव जाणे.

आमच्या कॉलनीत कुणीही टीव्ही आणला, नवा सेटटॉप बॉक्स आणला, स्पीकर आणला, की कंपनीचा माणूस यायच्या आधी मेजर हजर. बोलवायला लागायचं नाही. खोकं दारात उतरताना दिसलं की ते रस्ता ओलांडायचे आणि विचारायचे, "जोडणीचं काय?" आपण म्हणायचं, "कंपनीचा माणूस येणार हाय." ते म्हणायचे, "तो कवा येणार? मी हाय की."

'मी हाय की' हे त्यांचं पालुपद होतं. लाइट गेली, मी हाय की. गॅस संपला, मी हाय की. आता असं म्हणणाऱ्या माणसाला काम येतच असेल, असं आपल्याला वाटतं. मेजरांना येत होतं, पण सैन्यातलं. डोंगरावरून दरीत तार कशी ओढायची, पावसात जोड कसा बांधायचा, हे त्यांना कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आजकालच्या टीव्हीच्या मागं मात्र सारख्याच तोंडाची तीन भोकं असतात आणि त्यातल्या एकातच स्पीकरची वायर चालते, हे त्यांना मान्यच नव्हतं. "तीन भोकं सारखी हायत तर तिन्हीतनं चाललं पायजे. न्हाईतर भोकं वेगळी पाडायची की," असं ते म्हणायचे. खोटं कशाला बोलू, हे मलाही पटत होतं.

त्यांची एक रीत होती. शिंप्याकडून रंगीत चिंध्या आणायच्या आणि प्रत्येक वायरीला बांधायच्या. चित्राच्या वायरीला लाल, आवाजाच्या वायरीला हिरवी, आणि जी वायर कशाची आहे हे त्यांना कळायचं नाही तिला पिवळी. पिवळी म्हणजे राखीव. आमच्या टीव्हीमागं सगळ्यात जास्त चिंध्या पिवळ्या होत्या. गाठसुद्धा त्यांची ठरलेली, फौजी. एकदा टीव्हीमागं झाडताना माझ्या हातून एक चिंधी सुटली, मी ती परत बांधली. संध्याकाळी मेजर आले, टीव्हीमागं डोकावले आणि शांतपणे म्हणाले, "आज इथं कोण घुसलं होतं?"

आणि हातात वायर आली की त्यांची मराठी सुटायची. एरवी पाटणखोऱ्यातलं गावरान बोलणारा माणूस, पण वायर धरली की थेट हिंदी. "लाइन पे आओ." "आवाज आ रहा है?" "हाँ या ना में जवाब दो." माझी बायको म्हणायची, "मेजर, आमी हितंच उभी हाय, वरडताय कशापायी?" पण त्यांच्या मनात पलीकडचा माणूस कायम पुढच्या डोंगरावर असायचा.

आता त्या टीव्हीचं सांगतो. तो मी आईसाठी आणला. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. आईनं दुसऱ्यांच्या उसात भांगलण करून, तण खुरपून मला वाढवलं, म्हणून आज मी चार लोकांत आवाज चढवून बोलू शकतो. आईला एकच नाद, कुस्तीचा. वडील गावोगावच्या जत्रेत लढायचे, तेव्हापासूनचा. आजकाल कुठल्याही मैदानातल्या कुस्त्या इंटरनेटवर थेट दिसतात. आई त्या माझ्या मोबाइलवर बघायची, पण डोळे बारीक करून, आणि एका कानानं तिला कमी ऐकू येतं. "पैलवान दिसत्यात मुंग्यावाणी," म्हणायची, "आन् हलगी तर ऐकूच येत न्हाई. हलगीबिगर कुस्ती म्हंजी काय रं?"

म्हणून दसऱ्याच्या दिवशी सांगलीला गेलो. मोठा टीव्ही पसंत केला आणि दुकानदाराशी असा भिडलो की शेवटी त्यानं टीव्हीखाली ठेवायचा लांबडा स्पीकर तसाच वर दिला. दुकानातली पोरं कौतुकानं बघत होती. मालक माझा हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, पुन्हा येऊ नका." एवढी चांगली पावती मला धंद्यात कुणी दिली नव्हती.

घरी खोकं उतरलं. मेजर रस्ता ओलांडून आले.

त्या दुपारची जोडणी मी विसरणार नाही. मेजरांनी आईला सोफ्यावर बसवून 'कंट्रोल' नेमलं. म्हणजे ते टीव्हीमागून विचारणार आणि तिनं सांगायचं. मला दाराबाहेर उभं केलं, कारण मी मधे बोलतो.

"आक्का, चित्र आलं?"

"आलं."

"आवाज?"

"न्हाई."

खुडबुड. मग धाडकन आवाज आला आणि चित्र गेलं. परत खुडबुड, मग चित्र आलं, आवाज गेला. असं बराच वेळ चाललं. शेवटी दोन्ही आले, पण तार नको म्हणून मेजरांनी स्पीकर हवेतून जोडला होता, ब्लूटूथवर. कुस्ती सुरू झाली. एका पैलवानानं दुसऱ्याला उचलून टाकला. तो पडला, लोक उभे राहिले, आणि मग मागाहून सावकाश धप्प असा आवाज आला.

आई म्हणाली, "आवं मेजर, ह्यो आदी पडतोय आन् मग आपटतोय."

"लांबनं आवाज उशिरा येतोय आक्का. तोफेचं बी तसंच असतं. आदी जाळ दिसतो."

"लांबनं कुठनं? पेटी समूरच हाय की!"

मेजर रुमालानं मान पुसू लागले. तेवढ्यात आणखी एक झालं. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून घुमत होते, हलगी वाजत होती, आणि मधेच हलगी बंद पडून स्पीकरमधून एका बाईचा गोड आवाज आला, "आता यात चिमूटभर हिंग घालून घ्या."

आई चमकली. पैलवान घुमतच होते. "आच मंद ठेवा," बाई म्हणाली.

मेजरांनी हात वर केला. "कुणी हलू नका. लाइनवर दुसरं कोणतरी आलंय."

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाई मोबाइलवर पाककृती ऐकत होत्या आणि त्यांचा मोबाइल आमच्या स्पीकरला जाऊन चिकटला होता. मेजर वर गेले. त्यांनी त्या बाईंशी बोलणी केली, आणि कुस्त्या चालू असताना वरच्या मजल्यानं ब्लूटूथ बंद ठेवायचं, असं ठरवून खाली आले. चढाई जिंकून आल्यासारखा चेहरा होता. वर थालीपीठही खाऊन आले होते. नंतर त्यांनी स्पीकरला तारच लावली, तिन्ही भोकांत घालून बघितली आणि तिसऱ्यात हलगी वाजली. आई टाळी वाजवून हसली. मी ट्रॅक्टरचे इतके सौदे केले, पण आईला असं हसताना मी फार थोडे वेळा बघितलंय.

संध्याकाळी पूजा झाली. आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावतात, आणि दसऱ्याला तर घरातल्या सगळ्या यंत्रांना लावतात. ट्रॅक्टर असो, पिठाची गिरणी असो, मिक्सर असो. हे काम माझी बायको करते. तिनं टीव्हीच्या वरच्या कडेला बोटं टेकली, स्पीकरला टेकली, मी दाराबाहेर नारळ फोडला. आई अशा वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. वडील गेल्यापासून ती कुंकवाच्या करंड्याला हात लावत नाही. कुणी मनाई केली होती असं नाही. कुणी 'लाव' असंही म्हटलं नव्हतं. आमच्याकडं हे असंच चालत आलंय आणि मला त्यात कधी काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही मुका झाला. रिमोट दाबला, काही नाही. सेल बदलले, काही नाही. माझं डोकं सरकलं. सांगलीच्या दुकानदाराला फोन लावला आणि तो 'हॅलो' म्हणायच्या आत सुरू झालो.

तो म्हणाला, "साहेब, खालचा लाल दिवा लागलाय का बघा."

मी लांबूनच बघितलं. टीव्हीच्या खालच्या काळ्या पट्टीवर लाल ठिपका होता. "लागलाय."

"मग करंट येतोय. बोर्डाचं बटण बंद करून परत चालू करा."

मी बटण बंद केलं. "बंद केलं."

"लाल दिवा गेला?"

"न्हाई. हाय तसाच हाय."

दुकानदारानं परत विचारलं, "बटण बंद करूनही दिवा लागलाय?"

"मी खोटं बोलतोय व्हय? पिन काढून हातात धरलीय, आन् तुजा दिवा लागलाय! असला माल देताय तुमी लोकांना?"

तो बिचारा म्हणाला की आतमध्ये करंट साठून राहत असेल. मी त्याच्याकडून नवा रिमोट कबूल करून घेतला, तेव्हाच फोन ठेवला.

मेजर आले. टीव्हीपुढं वाकले, बघितलं आणि एकदम सरळ उभे राहिले. मग आईकडं बघितलं. मग म्हणाले, "सगळे बाहेर. लाइन टेस्ट."

मला आणि बायकोला बाहेर काढून त्यांनी दार लोटून घेतलं. आत फक्त कंट्रोल, म्हणजे आई. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग एकदम जोरात हिंदी सुरू झालं, "लाइन पे आओ! चित्र? आवाज?" आणि हलगी वाजली. दार उघडलं. मेजर रुमालाची घडी घालून खिशात ठेवत होते.

"काय झालतं?" मी विचारलं.

"अर्थिंग," मेजर म्हणाले.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्ही परत मुका झाला. लाल दिवा चालू, रिमोट बंद. परत मी दुकानदाराला धारेवर धरलं आणि टीव्ही भिंतीला टांगायची लोखंडी पट्टी फुकट मिळवली. परत मेजर, परत सगळे बाहेर, परत लाइन टेस्ट. कारण विचारलं तर म्हणाले, "सणाचा लोड." त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, "हवेत दमटपणा लय हाय." हे सगळं मी ऐकून घेतलं. मी, ज्याला इंजिनात तेल कमी आहे का पाणी कमी आहे, ते कानानं कळतं. दुकानदार एकदा कळवळून म्हणाला, "साहेब, तुमचा टीव्ही दसऱ्यालाच कसा बंद पडतो हो?" मी म्हणालो, "तेच तर मी विचारतोय!"

मेजरांच्या रुमालाला त्या दिवशी लालसर डाग असायचा. तो मला दिसत होता. पण दसऱ्याला आमच्या भागात कुणाच्या रुमालाला कुंकू लागलेलं नसतं?

एरवीही मेजर रोज संध्याकाळी यायचे. त्यांच्या स्वतःच्या घरात टीव्ही नव्हता. सगळ्या कॉलनीचे टीव्ही जोडणाऱ्या माणसाच्या घरात टीव्ही नाही, हे माझ्या लक्षात नंतर कधीतरी आलं. विचारलं तर म्हणाले, "मला कशाला? रोज कुणाची ना कुणाची लाइन बघायचीच असती." सोफ्यावर बसायचे नाहीत. भिंतीला टेकून खाली बसायचे, चहा बशीत ओतून प्यायचे, आणि आई सोफ्यावरून पैलवानांना शिव्या घालायची.

"आरं पाय धर की त्येचा! मेजर, बगा की ह्यो, नुसता फिरतोय देवळाभवतीनं फिरल्यावाणी."

"दम खातोय आक्का."

"आमच्या ह्यांनी कवा दम खाल्ला न्हाई." आई असं बोलली की मेजर बशीतला चहा संपवायचे. मग मेजर म्हणायचे, "आवाज वाढवू का?" आणि ती म्हणायची, "वाढवा."

माझं आणि त्यांचं मात्र रोज वाजायचं. मी म्हणायचो, तुमच्या या चिंध्या काढा, पाहुणे हसतात. ते म्हणायचे, "शेठ, तुमी ट्रॅक्टर बगा. वायर कवा खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो." हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर, माझ्या घरात, कितीतरी वेळा म्हटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही म्हटलं. म्हातारा किती निर्ढावलेला होता, याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा गुडघा गेला. मुलगी येऊन त्यांना सांगलीला घेऊन गेली. जाताना घराला कुलूप लावलं, चिंध्यांचं गाठोडं आईच्या हातात दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "दसऱ्याला टीव्ही बंद पडला तर मला फोन करा. कंपनीला न्हाई."

"आन् पडणारच, असं का धरून चाललाय?"

"तुमचा माल हाय तसला," ते म्हणाले आणि गाडीत बसले. मला तो टोमणा वाटला.

संध्याकाळी कुस्त्या लागायच्या, पण आई अर्ध्यातच उठून जायची. विचारलं तर म्हणायची, "चांगलं पैलवान न्हाईत रं हल्ली." पैलवान तेच होते.

यंदाचा दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही मुका. लाल दिवा चालू. मी दुकानदाराला लावायला फोन हातात घेतला, तर आई म्हणाली, "आदी मेजरांस्नी लाव."

लावला. मेजरांनी पहिल्याच घंटीला उचलला. फोन हातात घेऊनच बसले असावेत.

"शेठ, आक्कांकडं फोन द्या. आन् तुमी वर जाऊन डिश बगा, हलली असंल."

मी फोन आईकडं दिला आणि जिना चढून गच्चीवर गेलो. गच्चीवर उभा राहिलो आणि चारी बाजूंना बघितलं. तेव्हा मला आठवलं की आमच्या गच्चीवर डिश नाही. ती आम्ही केव्हाच काढून टाकली होती, इंटरनेटची वायर आली तेव्हा. काढताना खालून 'सावकाश, सावकाश' म्हणून ओरडायला मेजरच उभे होते.

मी आवाज न करता खाली आलो आणि दारात थांबलो.

आई टीव्हीपुढं उकिडवी बसली होती. फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला होता. पदराचं टोक तिनं जिभेला लावून ओलं केलं होतं आणि त्यानं ती टीव्हीची खालची काळी पट्टी पुसत होती.

"हळू आक्का," फोनमधून मेजर म्हणत होते, "काच हाय ती. घासू नका."

"घासत न्हाई, पुसती. तुमचा रुमाल बरा व्हता."

"गेलं का सगळं?"

"जरा ऱ्हायलंय कडंला."

मी आत गेलो. चष्मा मला सौद्याचे कागद वाचायला लागतो, एरवी घरात मी लावत नाही. पण त्या दिवशी लावला आणि वाकून बघितलं. पट्टीवर एक बारीक काच होती, रिमोटचं ऐकणारा टीव्हीचा डोळा. त्या काचेवर कुंकू होतं. ओलं करून दाबून लावलेलं आणि रात्रभर वाळलेलं. इतकी वर्षं मी ज्याला लाल दिवा म्हणत होतो, पिन काढली तरी जो विझत नव्हता, तो हा.

"ह्ये कुणी लावलं?" मी विचारलं. जरा मोठ्यानं विचारलं असेल.

आईनं पदराचं लाल झालेलं टोक मुठीत धरलं.

फोनमधून मेजर म्हणाले, "शेठ, आवाज कमी."

"तुमी गप बसा! दर वर्सी ह्येच व्हतं व्हय? अर्थिंग म्हणं! सणाचा लोड म्हणं!"

"शेठ, लाइन खराब हाय," मेजर म्हणाले आणि त्यांनी फोन कापला.

मग आईनं सांगितलं, तेही टीव्हीकडं तोंड करून. "तू माज्यासाठनं आणलास. माज्या नावानं आणलेली ह्या घरातली पयली वस्तू. मला वाटलं, आपुन बी बोट लावावं. तुजी बायकू वर लावती. मी खाली लावलं, कुणाला दिसू न्हाई म्हणून. तिथं आदीच लाल टिकली व्हती, तिच्यावरच लावलं. मला काय ठावं त्यो डोळा हाय?"

"आन् मेजर?"

"त्यांनी बगितलं आन् वळाकलं. मी म्हणलं, मेजर, चुकलं माजं, कुणाला सांगू नका. त्यांनी रुमाल काडला, पुसलं, आन् म्हणलं, 'आक्का, दर वर्सी लावा. दुसऱ्या दिवशी मला बोलवा. मी हाय की.'"

मी बायकोकडं वळलो, कारण कुणाकडं तरी वळायला पाहिजे होतं. "तुला ठाऊक व्हतं?"

ती म्हणाली, "पयल्याच वर्सी दिसलं. टीव्ही मीच पुसती की रोज. तेवढा एक दिवस खालची पट्टी सोडून पुसायची."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"तुमी कुणाला बोलू देताय व्हय?" असं म्हणून ती चहा ठेवायला गेली.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. वरच्या मजल्यावरच्या थालीपीठवाल्या बाईंनाही माहीत असेल. दर वर्षी दुकानदाराशी भांडून घसा बसवून घेणारा एकटा मी. तिघांनी मिळून एक गोष्ट माझ्यापासून लपवली, ती का? मी काय केलं असतं? आईला बोललो असतो? लोक काय म्हणतील, असं म्हणालो असतो? मी लोकांना कधी भ्यालोय?

मी सौदा करणारा माणूस आहे. आईसमोर बसलो आणि सरळ बोली लावली. म्हणालो, "पुढच्या दसऱ्याला करंडा आदी तू घ्यायचा, मग बाकीच्यांनी. टीव्हीला लाव, ट्रॅक्टरला लाव, सगळ्यांसमोर लाव. कोण काय म्हणतंय त्ये माज्याकडं येऊन म्हणू दे. पण टीव्हीला लावताना वर लाव, मधोमध. तिथं डोळा न्हाई."

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. डोळे पुसले. ट्रॅक्टरचं कबूल केलं. मग म्हणाली, "टीव्हीला मातुर खालीच लावीन."

"आगं, मग परत बंद पडंल की!"

"पडू दे की. वर लावलं तर बंद कसा पडंल? आन् बंद न्हाई पडला, तर मेजर कशाला येत्याल?"

समोरच्याची बोली घासाघीस न करता मी मान्य केली, असं माझ्या धंद्यात कधी झालं नव्हतं.

तेव्हा मेजर, हे मी तुमच्यासाठी लिहिलंय. तुमची मुलगी तुम्हाला वाचून दाखवेल. येत्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा टीव्ही बंद पडणार, हे ठरलेलं आहे. आईनं ठरवलंय, माझा इलाज नाही. गाडी मी स्वतः सांगलीला घेऊन येतो. गुडघ्याची सबब सांगायची नाही. रुमाल धुतलेला आणा. कुंकू पुसायच्या आधी तुम्ही आमच्या दारात उभं राहायचं, चपलांची टोकं आतल्या बाजूला करून, म्हणजे पळता येणार नाही. आणि माझ्या तोंडाकडं बघून, हिंदीत नव्हे, आपल्या भाषेत सांगायचं: पहिल्याच वर्षी मला सांगितलं असतं, तर मी माझ्या आईला काय म्हणालो असतो, असं तुम्हाला वाटलं होतं?

याचा जबाब मला पाहिजे. लाइन खराब आहे, हे मी ऐकून घेणार नाही.